शीलाचा टाक

गारखेडा, छत्रपती संभाजीनगर
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

ती. अक्का,

नमस्कार.

सकाळी साडेसहाला उठलो. दूध आणलं, कपडे धुऊन वाळत घातले. दहाच्या सुमारास क्रांती चौकात जाऊन चष्म्याची काडी बसवून घेतली. येताना मेथी घेतली. भाकरी जमत नाही म्हणून दुपारी खिचडी टाकली. तब्येत बरी आहे. रूपाचा पुण्याहून रोज फोन असतो. तिची नोकरी ठीक चालली आहे.

तुझा गुडघा कसा आहे? भावजींना म्हणावं, थंडीत पहाटे मेंढरांमागं निघू नका. मागच्या वेळी फोनवर त्यांचा खोकला ऐकू येत होता.

चंपाषष्ठीचं विचारत होतीस. बुधवारी मला जमेल असं वाटत नाही. कॉलेजात प्रॅक्टिकल परीक्षा चालू आहेत आणि प्रयोगशाळेत आम्ही दोघंच सहायक आहोत. आपला धाकटा मल्हारी उद्या दूध घालायला शहरात येईल तेव्हा त्याच्याजवळ देव देतो. पाचही देवांचे चांदीचे टाक पितळी डब्यात कापूस घालून ठेवले आहेत. खंडोबाच्या टाकाची एक कड उचकटली आहे, हाताला लागते. जपून पुसा.

शीलाचा टाक तू सराफ्यातून करून आणलास, हे मल्हारीनं सांगितलं. वर्षश्राद्ध झालं, आता तिला देवांत बसवायला हवं, हे तुझं बरोबर आहे. तो नवऱ्याच्या, म्हणजे माझ्याच हातानं बसवायचा असतो हेही मला माहीत आहे. पण यंदा राहू दे. पुढं बघू.

फोनवरच बोललो असतो, पण तू स्पीकर लावतेस आणि सगळं घर ऐकतं.

तुझा,
रामेश्वर


गारखेडा
रविवार, ३० नोव्हेंबर २०२५

ती. अक्का,

नमस्कार.

हे पत्र पोस्टानं पाठवतो आहे, मल्हारीच्या हाती नाही. तू सातवीपर्यंत शिकलेली आहेस. वेळ लागला तरी तूच वाच, दुसऱ्या कुणाला वाचायला देऊ नकोस.

गुरुवारी तू फोनवर रडलीस. म्हणालीस, "तुझी वाट बघून बघून शेवटी पाचव्या हाताला शेजारच्या कचरूला हाक मारली रं. आपल्या तळीला परक्याचा हात! बापाच्या वेळंपासून असं कधी झालं नव्हतं." मी नुसतं हं म्हणालो. मग तू म्हणालीस की शीला अजून रुमालात गुंडाळून कपाटात आहे.  फोन मी ठेवला, कट झाला नव्हता.

परीक्षा नव्हत्या, अक्का. बुधवारी मी रजा काढली होती आणि दिवसभर घरीच होतो. साडेअकरा वाजले तेव्हा पलंगावर बसलो होतो. आता पाच जणांनी ताटाखाली हात घातले असतील, नारळ हलला असेल, भंडारा उडाला असेल, असं एकेक डोळ्यांपुढं येत होतं. "येळकोट" ओठांवर आलं. लहानपणापासून एकही वर्ष चुकलं नव्हतं. त्या गर्दीत माझा आवाज मलाच ऐकू यायचा नाही, ते मला फार आवडायचं. मी तसा कमी बोलणारा. वर्षातून तेवढ्या एका दिवशी मी ओरडायचो.

संध्याकाळी मल्हारीचा फोन आला. "दादा, देवासंगं भांडलास व्हय? मग मिटवून टाक की. माझं आन् बायकोचं रोज मिटतं." मी म्हणालो, भांडण नाही, पण देव आता तुझ्याकडंच राहू दे, थोरल्याचा मानही तूच घे.  तो म्हणाला, "रूपाच्या लग्नात देवक बसवायचं तवा काय करशील? ऑनलाइन मागवशील?" मी हसलो. तो हसत नव्हता. "दादा, मजाक नाय. तळीला तू नाय, देवाला तू नाय. मग भावकीत तुला उभा करायचा तरी कुठं?"

 त्याच्यावर रागावू नकोस, तो बरोबर बोलला.

आता जे सांगायला बसलो आहे ते सांगतो.

रूपा तिसरीत असताना तिला कावीळ झाली होती, तुला आठवत असेल. तेव्हा शीलानं नवस बोलला होता, की पोर उठली तर इथल्या सातारा गावच्या खंडोबाला पायी येईन, तळी भरीन, जागरण घालीन. पोर उठली. नवस राहिला. दरवर्षी मीच म्हणायचो, पुढच्या वर्षी निवांत करू. ती कधी अडून बसली नाही.

मागच्या वर्षी ती दवाखान्यात होती तेव्हा भावकीतले थोरले कडुबाकाका भेटायला आले. चांगल्या मनानं आले होते, डझनभर केळी घेऊन. खाटेजवळ बसून म्हणाले, "सूनबाई, तुझं देवाचं देणं राहिलंय. देव इसरत नसतो." त्या दिवसापासून शीला बदलली. डॉक्टरांनी किडनीचं सांगितलं तेव्हासुद्धा ती इतकी घाबरली नव्हती. आता तिला एकच भीती होती, की देव तिच्यावर रागावला आहे. मला म्हणायची, "अहो, तेवढं फेडून टाका. मग मी काही मागत नाही."

मी कडुबाकाकांना घेऊन साताऱ्याला गेलो. पायऱ्यांजवळ त्यांना म्हणालो, काका, तिच्या वतीनं मी तळी भरतो. पायी यायचं तर मी घरापासून अनवाणी येतो, लोटांगण घालतो, काहीही सांगा. ते म्हणाले, "जिनं बोललं तिनंच यावं लागतं, रामेश्वरा. देव बदली माणूस घेत नाय." मी म्हणालो, काका, तिला कुशीवर वळता येत नाही. ते म्हणाले, "मग तिचं नशीब."

मी त्यांना रिक्षात बसवून दिलं. दवाखान्यासमोर एक किराणा दुकान आहे, तिथून हळदीची पुडी घेतली. पुडीवरचा छापील कागद फाडून टाकला आणि हळद रुमालात बांधली.

शीलाला म्हणालो, झालं, फेडला.

तिनं विचारलं, कोण कोण होतं?

मी नावं सांगितली. मल्हारी, भावजी, कडुबाकाका, तुझे दोन्ही दीर. "मल्हारीभाऊजींनी दूध टाकून वेळ काढला?" काढला म्हणालो. "आन् अक्का?" म्हणालो, अक्का गुडघा धरत पायऱ्या चढली, तुझ्या नावानं भंडारा उधळला. मग ती किराण्याची हळद मी तिच्या कपाळाला लावली. तिनं डोळे मिटून घेतले. किती दिवसांनी तिच्या कपाळावरची आठी गेली.

दुसऱ्या दिवशी तू भेटायला आलीस तेव्हा तिनं तुझा हात धरला आणि म्हणाली, "अक्का, तुम्ही सगळे आलात, लई बरं केलं. आता मी सुटले." बाहेर येऊन तू मला म्हणालीस, शीलाला भ्रम होतोय. दहाव्याला बायकांनाही तू तेच सांगितलंस. भ्रमातच गेली बिचारी, आणि नवस राहिला तो राहिलाच.

तिला भ्रम झाला नव्हता, अक्का. तिला ते मी सांगितलं होतं. वर्षभर मी हे कुणाजवळ बोललो नाही.

तू म्हणशील, देवाच्या नावानं खोटं बोललास. बोललो. हळद लावताना मी मनात त्यालाच म्हणालो होतो, हिला काही करू नकोस, हे माझ्यावर घे. तेव्हा मला भीती वाटेल असं वाटलं होतं. ती वाटली नाही. उलट तो तिथंच खाटेच्या पलीकडं आहे आणि त्यालाही तिची आठी गेलेली हवी होती, असं वाटलं. मला नीट सांगता येत नाही. मी काही फार वाचलेला माणूस नाही. पण ते वाटणं अजून गेलेलं नाही. सकाळी उठलो की मी अजून त्याच्याशी बोलतो, हात न जोडता, काम करता करता. तुमच्या तळीला आलो नाही म्हणून तो मला पोरकं करणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण आजारी बाईला पायऱ्या चढायला लावणारा देव असतो, असं मी आता त्या ताटाखाली हात घालून म्हणू शकत नाही. माझा हात खोटा पडेल. एकदा खोटं बोललो ते तिच्यासाठी. तिथं दरवर्षी कुणासाठी बोलू?

म्हणून मी येणार नाही. यंदा नाही, पुढंही नाही. जागरणाला नाही, तळीला नाही. तुझ्याकडं जेवायला बोलावलंस तर येईन. नाही बोलावलंस तरी मनात काही ठेवणार नाही.

एकच मागणं आहे. शीला तुमच्यातली होती. बाणाईची गाणी तिला तुझ्याहून जास्त यायची, हे तूच म्हणायचीस. तिला तिथंच बसायचं असेल, बाणाईच्या शेजारी. मी उठून गेलो म्हणून तिला पंगतीत जागा नाही, असं करू नका. नवऱ्याच्या हाताशिवाय टाक बसत नाही, हे मला माहीत आहे. पण तिला शेवटची आंघोळ तू घातलीस. तुझा हात चालला नाही तर कुणाचाच चालायला नको. कुणी विचारलं तर सांग, रामेश्वरानं सांगितलं. शिव्या मला पडू देत.

ती सुटून गेली हे आता तुलाही माहीत आहे. बायकांना सांगायचं की नाही ते तू ठरव.

आठ दिवसांनी आज नळ आला आहे. खाली मोटर लावली आहे. पूर्वी शीला वर टाकीत पाइप धरून उभी राहायची आणि भरली की हाक मारायची, तेव्हा मी बटण बंद करायचो. आता मी वर जाऊन बघतो, अर्धी झालेली असते. खाली येतो. पुन्हा वर जातो. पत्र इथं थांबवतो, पाणी वाया जायला नको.

तू अंगाखांद्यावर वाढवलेला,
रामेश्वर