काजळी नव्हती, ताई

ताईस, हॉस्पिटलातून धाकट्याचा नमस्कार.

मी ठणठणीत आहे. नाक शिंकरलं की रुमालावर काळं यायचं, ते मी वेल्डिंगची काजळी समजत होतो. "महिनाभर घरी बसलायस, मग काजळी कुठली?" असं तू फोनवर दरडावलंस म्हणून डॉक्टरकडे गेलो. तू दिलेली किडनी टिकावी म्हणून घेतो त्या गोळ्यांनी प्रतिकारशक्ती कमी होते, त्यामुळे सायनसमध्ये बुरशीचं फावलं. ती डोळ्यापर्यंत पोचायच्या आत ऑपरेशन करून सगळी खरवडून काढली.

आता बुरशीवरचं इंजेक्शन किडनीला जड जातं, म्हणून रोज रक्त तपासतात. पण ती तुझ्यासारखीच हट्टी, मुळीच कुरकुरत नाही.

भाऊजींचा गुडघा कसा आहे? तू पाणी वेळेवर पितेस ना? तुझ्याकडे आता एकच उरलीय.

दोन्ही डोळ्यांनी बघून हे लिहिणारा,
तुझा धाकटा