काळी सळई

रविवार, १४ मे २०२३. सकाळचे सात वाजून दहा मिनिटं. स्टोव्हवर चहाचं पाणी ठेवलं आहे आणि मी बाबांच्या बुटांना पॉलिश लावून उठलो आहे.

तीर्थरूप काकांना,

नमस्कार. आम्ही सगळे ठीक आहोत. तुम्ही, काकू आणि मुलगी ठीक असाल असं धरून चालतो. तुमचा पत्ता फुगेकाकांनी दिला. ते म्हणाले, तीन वर्षांपूर्वीचा आहे, पण तुझे काका घर बदलणाऱ्यांतले नाहीत. पत्र चुकीच्या घरी पोचलं तर काय, या विचाराने मी पाकिटामागे आमचा पत्ता दोनदा लिहिला आहे.

मला तुम्ही शेवटचं पाहिलं तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. आता चोवीस पूर्ण. काचकारखान्यातच पॅकिंगला आहे, बाटल्या गवतात गुंडाळायचं काम. शाळा आठवीला सुटली, पण शुद्धलेखनाची सवय सुटली नाही. या पत्राचा एक कच्चा खर्डा झाला आहे. तरी काही चुकलं तर माझी चूक समजा, घरच्यांची नको.

आधी चांगली बातमी, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचं लिहिताच येणार नाही. आपण पेन्शनचा खटला जिंकलो. परवा, शुक्रवारी. संपात भट्टी राखणाऱ्या बाराही जणांची सगळी वर्षं धरली गेली. जे गेले त्यांच्या बायकांना मिळणार. बाबांना पूर्ण पेन्शन.

तुम्हाला मधलं काही माहीत नसेल म्हणून थोडं मागून सांगतो. संप मिटला आणि सगळे कामावर परत घेतले गेले, तेव्हा कंपनीने नोकरीत खंड पडला असं लिहून ठेवलं. ते कोणी वाचलं नाही. बाबा गेल्या वर्षी साठीचे झाले, अर्ज केला, तेव्हा कळलं की संपाआधीची अकरा वर्षं पुसली गेली आहेत. उरली अठरा. पूर्ण पेन्शनला पंचवीस लागतात. बाबांना चिठ्ठी मिळाली त्या दिवशी ते जेवले, भांडी घासली, आणि मग आईला म्हणाले, "अकरा वर्षं मी बहुतेक घरीच बसलो होतो."

युनियनच्या सेक्रेटरीबाईंनी जुना करार शोधला. या बाई पूर्वी पॅकिंगला होत्या, तुम्ही ओळखत असाल. उंच, मोठ्या आवाजाच्या. करारात एक कलम आहे: संपातही जे कामगार भट्टी राखतील ते कामावर आहेत असं धरलं जाईल, मात्र भट्टी एकदाही बिनमाणसाची राहता कामा नये. काचेची भट्टी एकदा थंड झाली की तडकते आणि कारखानाच बसतो, हे दोन्ही बाजूंना माहीत होतं म्हणून ते कलम. त्यावर आम्ही उभे राहिलो.

सुनावणीची खोली लहान होती. पंखा एक, खुर्च्या नऊ आणि आमची माणसं तेवीस. म्हातारी माणसं बसली, बाकीचे भिंतीला. मी पिशवी सांभाळत होतो. तिच्यात कागद, पाण्याच्या बाटल्या आणि बाबांचं खोकल्याचं औषध. निघाल्यापासून मी ते औषध चार वेळा चाचपून पाहिलं होतं.

सेक्रेटरीबाई उठल्या आणि म्हणाल्या, "साहेब, कंपनीच्या फाटकावर पाटी आहे. 'तीस वर्षं अखंड पेटती भट्टी.' संपात ती कोणी पेटती ठेवली, एवढंच यांनी सांगावं."

कंपनीचा वकील म्हणाला, "आमच्या अधिकाऱ्यांनी."

फुगेकाका खुर्चीतूनच म्हणाले, "त्यांच्या अधिकाऱ्यांना स्टोव्ह पेटवता येत नाही, साहेब."

खोली हसली. सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "हसू नका. अखंड म्हणता ना, मग अखंड दाखवा."

मग आमच्या लोकांनी दाखवलं. तुम्हाला तो नियम सांगायला नकोच. पुढचा माणूस काचेचा रस हलवायची सळई हातात घेईपर्यंत आधीच्याने भट्टीपासून हलायचं नाही. बारा जणांचा क्रम ठरलेला, प्रत्येकाचा मागचा आणि पुढचा ठरलेला. एकेक म्हातारा उठला आणि बोलला. "मी याच्याकडून घ्यायचो, त्याला द्यायचो. एक दिवस चुकला नाही." जो वारला त्याच्यासाठी त्याचा पुढचा बोलला. माळेतले मणी ओढावेत तसं ते चाललं होतं. मला आनंद व्हायला हवा होता. मला घाम फुटला होता, कारण पुढे बाबा होते, आणि बाबा सळई तुमच्याकडून घ्यायचे.

आदल्या दिवशी सेक्रेटरीबाई घरी आल्या होत्या. त्यांनी बाबांना सांगितलं, "भाऊ, उद्या 'माझ्या भावाकडून घ्यायचो' एवढंच म्हणा आणि खाली बसा. त्यात खोटं काही नाही." बाई गेल्यावर आई म्हणाली, "बारा घरांचा प्रश्न आहे हो." बाबांनी खोकल्याचं औषध घेतलं आणि दिवा मालवला.

काका, तुम्हाला माहीत असेल किंवा नसेल, पण ती गोष्ट गावभर आहे. संपाच्या एक्केचाळिसाव्या दिवशी पहाटे बाबा पाळीवर आले तर तुम्ही नव्हतात आणि सळई भिंतीला टेकलेली होती. बाबांनीच ती एकोणीस वर्षं सांगितली. चहाच्या टपरीवर सांगितली, लग्नाच्या मांडवात सांगितली. "सळई भिंतीला लावून गेला" ही आमच्याकडे म्हणच झाली. शाळेत मी एकदा वर्गातून पळालो तेव्हा मास्तर मला तेच म्हणाले होते.

तेव्हा वकिलाला ते माहीत असणारच. बाबा उठले, म्हणाले, "मी माझ्या भावाकडून घ्यायचो," आणि वकिलाने लगेच विचारलं, "रोज? एक्केचाळिसाव्या दिवशीही?"

फुगेकाका खुर्चीतच पुटपुटले, "हो म्हण रे बाबा, एकदा आयुष्यात हो म्हण."

बाबा म्हणाले, "नाही. त्या दिवशी सळई भिंतीला होती."

वकील खाली बसला. त्याचं काम झालं होतं. सेक्रेटरीबाईंनी डोळे मिटले. मागे कोणीतरी "मेलो" म्हणालं, आणि मला वाटतं ते मीच.

"पण साहेब," बाबा म्हणाले, "मी ती उचलली." आणि त्यांनी उजवा हात पुढे करून पंजा उघडला. जेवढा उघडतो तेवढा.

यापुढचं लिहायचं की नाही यावर मी कालपासून विचार करतो आहे. तुम्हाला हे माहीत नसणार. आम्हालाही नव्हतं. बाबांच्या तळहातावर आडवा व्रण आहे, अंगठ्याच्या बुडापासून करंगळीपर्यंत. दोन बोटं पूर्ण सरळ होत नाहीत. सही ते डाव्या हाताने करतात. आम्हाला सांगितलेलं होतं की काचेचा रस उडाला.

बाबा म्हणाले, "अंधार होता. मी मूठ समजून धरली. तापलेलं टोक वर होतं. लाल असती तर दिसली असती, साहेब. ती काळी पडली होती. आमच्यात म्हणतात, लालला भ्या, पण काळीला जास्त भ्या. काळी सळई किती वेळ पोळते हे मी सांगत नाही. तुमच्या बाजूला भट्टीमास्तर बसलेत, त्यांना विचारा."

भट्टीमास्तर कंपनीचा माणूस, कंपनीच्या गाडीतून आलेला. अधिकाऱ्यांनी त्याला विचारलं. तो वकिलाकडे बघायला लागला. अधिकारी म्हणाले, "तिकडे नाही, इकडे बघा."

मग तो उठला, बाबांजवळ आला, आणि त्याने बाबांचा हात हातात घेतला. जरा वेळ तो व्रणच बघत राहिला. शेवटी म्हणाला, "बाहेर काढल्यावर दोन मिनिटांत काळी पडते. इतकं खोल भाजायचं तर पाच मिनिटं. फार तर सात. त्याच्या आत उचललेली आहे."

"म्हणजे सात मिनिटांपूर्वी ती भट्टीत होती?"

"होय साहेब. कोणीतरी रस हलवत होतं."

"कोण?"

बाबा म्हणाले, "माझा भाऊ. भट्टीकडे जायला लोखंडी जिना आहे. मी चढताना वाजतो. तो माझी चाहूल लागल्यावरच मागच्या दाराने निघाला. त्याने भट्टी नाही सोडली, साहेब. त्याने मला सोडलं. ते आमचं घरचं आहे, त्याचा पेन्शनशी संबंध नाही."

मग फुगेकाका उठले आणि कोणी विचारलेलं नसताना म्हणाले, "आणि मी याच्याकडून घेतली. हाताला ओलं फडकं गुंडाळून याने पूर्ण पाळी केली, मी आलो तेव्हा डाव्या हाताने हलवत होता. आता लिहा."

आणि अधिकाऱ्यांनी लिहिलं.

बाहेर आल्यावर जे झालं ते मला नीट सांगता येणार नाही. सेक्रेटरीबाईंनी एवढ्या मोठ्याने "झालं" असं म्हटलं की रस्त्यापलीकडचा न्हावी वस्तरा हातात घेऊन बाहेर आला. म्हातारे एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते आणि खोकत होते. एका बाईने, जिचा नवरा त्या बारांत होता आणि सहा वर्षांपूर्वी गेला, बाबांचा तोच हात धरून ठेवला आणि बस येईपर्यंत सोडला नाही. फुगेकाकांनी गाल फुगवून शिट्टी मारायचा प्रयत्न केला. दात नसल्याने नुसती हवा गेली. त्यावर सगळे जे हसले, ते बसमध्येही हसत होते. कंडक्टरने विचारलं, लग्नाहून आलात का. बाबा म्हणाले, "नाही, कामावरून सुटलो."

घरी आल्यावर मात्र आईने हिशेब मागितला.

"एकोणीस वर्षं मला सांगत आलात की रस उडाला."

"तेव्हा राग होता."

"आणि आता?"

"आता पेन्शन आहे," बाबा म्हणाले.

आई आधी हसली, मग तिने पदराने डोळे पुसले, मग म्हणाली, "जाऊबाईचे दिवस भरत आले होते, घरात काही नव्हतं, दुसऱ्या गावच्या कामाचा ट्रक सहाला सुटणार होता. हे तुम्हालाही माहीत होतं. आदल्या दिवशी भावाला भेकड म्हणालात तुम्ही." बाबांनी मान हलवली. म्हणाले, ते टोक तुम्ही मुद्दाम वर ठेवलंत असं त्यांना इतकी वर्षं वाटत होतं. फुगेकाका तिथेच चहा पीत होते. ते म्हणाले, "मुद्दाम करणारा चाहूल लागेपर्यंत थांबतो होय? घाईत माणूस बूटसुद्धा उलटे घालतो. तू एवढी सळई ओळखतोस, आणि भाऊ ओळखता येईना?" बाबांनी त्यांना आणखी अर्धा कप ओतला.

आता तुमच्या कामाचं. नियम असा आहे की नोकरी सोडून गेलेल्यालाही दहा वर्षं भरली असतील तर निम्मं निवृत्तिवेतन मिळतं. संप सुरू झाला तेव्हा तुम्हाला थोडे दिवस कमी पडत होते. संपाचे एक्केचाळीस दिवस धरले की दहा वर्षं आणि सहा दिवस होतात. मी तीनदा मोजलं, सेक्रेटरीबाईंनी एकदा. पण हे पहिल्यांदा मोजलं ते बाबांनी, शुक्रवारी बसमध्येच, बोटांवर. तुमचं नाव निकालात अकरावं आहे. ३० जूनच्या आत तुम्ही स्वतः येऊन सही करायला हवी. दुसऱ्याने केलेली चालत नाही, मी विचारून आलो. ओळखीचा कोणताही कागद आणा. कागद नसला तरी या, इथे तुम्हाला ओळखणारे पुष्कळ आहेत.

संप तुम्ही गेल्यावर दोन दिवसांनी मिटला, हे तुम्हाला कोणी कळवलं होतं का, मला माहीत नाही.

हे लिहीत असताना बाबा समोर बसून वर्तमानपत्र वाचत आहेत. तेच पान बराच वेळ चाललं आहे. मघाशी त्यांनी विचारलं, "कोणाला पत्र?"

म्हटलं, "काकांना."

"हं. शुद्धलेखन बघ."

मग चहा झाल्यावर पुन्हा म्हणाले, "हाताचं लिहिलंस?"

"हो."

"मग हेही लिही, की हात बरा आहे. नाहीतर तो तेच धरून बसेल." बूट घालताना म्हणाले, "आणि रात्रीच्या बसने येऊ नको म्हणावं. सकाळच्या बसने ये. मी स्टँडवर असेन."

त्यांना मी इतकी वर्षं "तो गेला" एवढंच म्हणताना ऐकलं होतं. "ये" म्हणताना आज ऐकलं.

काकूंना नमस्कार. बहिणीला सांगा की तिला एक मोठा भाऊ आहे आणि त्याचं अक्षर चांगलं आहे.

तुम्हाला न विसरलेला,
तुमचा पुतण्या

ता.क. हिशेब, म्हणजे मागे राहायला नको:

बसभाडं, आम्हा तिघांचं, जाऊन येऊन: एकशे वीस.
निकालाच्या दोन प्रती, एक तुमच्यासाठी: सोळा.
पाकीट आणि तिकीट: सात.
बाहेरच्या टपरीवर तेवीस चहा: दोनशे तीस. त्यातले शंभर द्यायचे राहिले आहेत, टपरीवाला म्हणाला पेन्शन आल्यावर द्या.

तुमचं इकडे यायचं भाडं पाकिटात घातलं आहे, दोनशे. ते बाबांनी स्वतःच्या खिशातून दिलं. हिशेबात कुठे धरू विचारलं, तर म्हणाले, धरू नकोस.