तळाची राखाडी रेघ

तांबरम, शुक्रवार, १० ऑक्टोबर २००८

चिडचिड होतेय, लिहूनच टाकतो. लाटेक या मजकूर-मांडणीच्या सॉफ्टवेअरसाठी मी स्लाइडची थीम बनवली, अगदी साधी: पांढरं पान, काळी अक्षरं आणि तळाशी एक बारीक राखाडी रेघ. पंधरा दिवस त्या रेघेपायी घालवले. ती असावी, पण कुणाच्या डोळ्यांवर येऊ नये.

आज कॉलेजात ती थीम पहिल्यांदाच लावली. मी बोलायला तोंड उघडतोय तोच विभागप्रमुख ओरडले, "विभूती!" परवा आयुधपूजेत, म्हणजे इथल्या खंडेनवमीला, प्रोजेक्टरलाही विभूती लावली होती, तीच भिंगावर राहिली म्हणे. शिपायाने भिंग पुसलं. रेघ जागच्या जागी. मग सरांनी स्वतःचा रुमाल काढला. सगळा हॉल माना उंचावून रेघेकडेच बघतोय!

शेवटी म्हटलं, "सर, ती मी मुद्दाम घातलीय."

"कशाला?"

खरंच, कशाला?

घरी बायकोला, मेधाला सांगितलं तर ती हसून हसून बेजार. म्हणाली, "अरे, मग काढून टाक ना ती रेघ."

काढली. पण पानाकडे बघून करमेना. परत घातली, आता किंचित जाड. विभूती वाटायचीच असेल तर नीट तरी वाटू दे.