अकरा नंबर अजून पाण्यावर

तीर्थरूप दादा यांस,

धाकटीचा वाकून नमस्कार. (खरंच वाकले होते. पेन टेबलाखाली पडलं होतं, तेव्हा एका वाकण्यात दोन कामं उरकली.) तुझी तब्येत बरी असेल, गुडघा फार कुरकुरत नसेल, सूनबाई भाजीत मीठ कमी घालते ही तक्रार अजून चालू असेल, आणि चिरंजीव 'बाबा, वाऱ्यात बसू नका' म्हणून तुझ्या मागे लागत असतील, असं धरून चालते. माझं बरं आहे. दुकान चालू आहे. हल्ली पडदे आणि उशांचे अभ्रे एवढंच शिवते, काजं-बटणं सोडून दिली. अक्षर बघून हसू नकोस. ते असं का झालंय ते पुढे येईल, आधी पानं उलटून बघू नकोस. तुझी सवय मला माहीत आहे.

फोन न करता पत्र का, असं विचारशील. फोनवर मी आपल्या होड्यांच्या क्लबाचं नाव काढलं की तुझ्या दारावर नेमकं कुणीतरी येतं आणि तू फोन ठेवतोस. दोन वर्षांत तुझ्या दारावर इतकी माणसं आली की सूनबाईनं चहाचं दुकान काढलं असतं तर बरं चाललं असतं. शेवटच्या शर्यतीत तलावात तरंगणाऱ्या लाल बोयाला वळसा घालताना आपली होडी उलटली, सगळ्यांच्या देखत आपण काठावर भांडलो, आणि त्या दिवसापासून तू तलावाकडे पाठ फिरवलीस, ती फिरवलीसच. चिरंजिवांकडे राहायला गेलास. 'आता माझा अंदाज चुकतो, वय झालं,' एवढंच म्हणालास. मला ते वाक्य दोन वर्षं पुरलंय, दादा.

क्लब आहे तसाच आहे. पगारी माणूस एकही नाही आणि हुकूम सोडणारे चौदा. दातांचे डॉक्टर बचावाच्या मोटरहोडीचं इंजिन बघतात (सुरू करायच्या आधी त्यालाही 'जरा त्रास होईल हं' म्हणतात), बेकरीवाला चहाचं बघतो, फाटलेली शिडं माझ्याकडे येतात, आणि संडास धुवायची पाळी आली की ज्याची पाळी त्याची नेमकी कंबर धरते. तुझ्या जागी आता निवृत्त पोस्टमास्तर चिटणीस झालेत. त्यांना पोहता येत नाही, होडीत पाय ठेवला की चक्कर येते, पण नियम सगळे तोंडपाठ. तुझ्या अक्षरातला तो नियमांचा कागद त्यांनी काचेत बसवून घेतलाय. वर तुझा फोटोही लावायचा होता, पण तू प्रत्येक फोटोत कुणावर तरी ओरडतोयस.

त्यातला नववा नियम तुला आठवत असेलच: दोन मोसम पाण्याला न लागलेली होडी काठावरची जागा अडवणार नाही. पोस्टमास्तरांनी मला रीतसर नोटीस दिली. (समोर बसले होते, तरी पाकिटात घालून दिली.) आपली होडी, दादा! बाबांच्या गॅरेजमध्ये वर्षभर रंधा मारून आपण दोघांनी केलेली, ती काय भंगारात जाऊ द्यायची? माझं डोकंच फिरलं. गेल्या रविवारी मोसम सुरू झाला, तशी मी डॉक्टरांना धरलं, होडी पाण्यात लोटली आणि निघाले. सुकाणू मी घेतलं, शिडाची दोरी त्यांच्या हातात दिली. डॉक्टर माणूस सोन्यासारखा, पण आयुष्यभर तोंड उघडून बसलेल्या माणसांशी बोलायची सवय. प्रश्न विचारतात आणि उत्तराची वाट बघत नाहीत. तलावाची एक फेरी होईपर्यंत त्यांनी मला छत्तीस प्रश्न विचारले आणि सगळ्यांची उत्तरं स्वतःच दिली. तरी वारा छान होता. लाल बोयापाशी मी डोळे मिटून घेतले. (सुकाणू धरणाऱ्यानं हे करू नये, माहीत आहे.) उलटलो नाही.

खरा गोंधळ परतल्यावर झाला. मी मागच्या अंगणात शीड वाळत घालत होते, तेवढ्यात बचावाच्या तीन शिट्ट्या वाजल्या. बाहेर येऊन बघते तर पोस्टमास्तर बिल्ल्यांच्या फळीसमोर पांढरेफटक पडून उभे. निघताना आपला पितळी बिल्ला 'काठावर'च्या खिळ्यावरून काढून 'पाण्यावर'च्या खिळ्याला टांगायचा, आल्यावर परत फिरवायचा, आणि 'पाण्यावर'ची बाजू रिकामी झाल्याशिवाय दाराला कुलूप लावायचं नाही, हा तुझा पहिला नियम. पाच वाजून गेले होते आणि त्या बाजूला दोन बिल्ले लटकत होते. दोन माणसं पाण्यावर! बिल्ल्यावर नुसते नंबर, नावांची वही कपाटात, कपाटाची किल्ली बेकरीवाल्याकडे, आणि बेकरीवाला पाव भट्टीत घालायला गेलेला. मी नंबर कुठले तेही न बघता मोटरहोडीत उडी मारली. डॉक्टरांनी इंजिनाची समजूत काढली, आणि आम्ही तासभर तलाव पालथा घातला. लव्हाळ्यात शिरलो, पंपघराच्या भिंतीपर्यंत जाऊन आलो, हाका मारून मारून माझा घसा बसला. सगळ्या होड्या तर काठावरच आहेत, असं मधे काठावरून कुणीतरी ओरडलं. त्यावर पोस्टमास्तर म्हणाले की मग तर फारच वाईट, म्हणजे माणसं होडीशिवाय पाण्यात आहेत. कुणाच्या घरी काय सांगायचं, तेसुद्धा मी मनात जुळवायला लागले होते.

शेवटी बेकरीवाला आला, अंगभर पीठ. वही उघडली. पोस्टमास्तरांनी फळीवरचे नंबर मोठ्यानं वाचले: अकरा आणि बारा.

बारा नंबर मी. तासभर मी मलाच हाका मारत होते. आणि अकरा नंबर तू.

आता हे कसं झालं ते ऐक, आणि रागावू नकोस. तिसरा नियम काय आहे? ज्याचा बिल्ला त्यानंच स्वतःच्या हातानं हलवायचा, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. तूच लिहिलास आणि अठ्ठावीस वर्षं दर रविवारी तूच मोडलास. तुला शीड चढवायची घाई, म्हणून निघताना दोघांचे बिल्ले मी टांगायचे. आल्यावर मी होडी धुवायची आणि तू पुढे जाऊन दोघांचे परत लावायचास. गेल्या रविवारी माझ्या हातानं सवयीनं दोन्ही उचलले आणि टांगले. मला कळलंसुद्धा नाही. आणि परत लावायचं काम काही माझं नव्हतं, म्हणून ते माझ्या डोक्यातही आलं नाही. डॉक्टर पुढे जाऊन आपला बिल्ला फिरवून बसले होते, पण माझ्या मनात पुढे गेलेला तूच होतास.

सगळे आधी खो खो हसले. मीही हसले. मग जुनी मंडळी माझ्याकडे बघायला लागली आणि हसणं आपोआप थांबलं. मी आत जाऊन बराच वेळ शिडाच्या घड्या घालत बसले.

तर आता परिस्थिती अशी आहे. माझा बिल्ला मी फिरवला, पण तुझ्या बिल्ल्याला पोस्टमास्तर कुणाला हात लावू देत नाहीत. नियम तीन. डॉक्टरांनी परोपरीनं समजावलं की अहो, तो माणूस दुसऱ्या गावी मुलाच्या घरी बसलाय, आत्ता बहुतेक वर्तमानपत्र वाचत असेल. त्यावर पोस्टमास्तर म्हणाले, "असेल. पण क्लबाच्या दृष्टीनं ते पाण्यावर आहेत." आणि पाण्यावर माणूस असताना कुलूप लावता येत नाही, म्हणून तेव्हापासून क्लबाचं दार नाडीनं बांधून ठेवतात. (नाडी म्हणजे कुलूप नव्हे, असा त्यांचा निकाल. नाडी माझ्याच दुकानातून गेली.) येत्या रविवारी सभा आहे. दोन वर्षं न आलेल्या सभासदाचा बिल्ला कायमचा उतरवून नव्या माणसाला द्यायचा, असा ठराव मांडलाय. मांडणारे पोस्टमास्तरच, पण मांडताना त्यांचा चेहरा बघवत नव्हता. माणूस वाईट नाही रे. रोज संध्याकाळी नाडी बांधायच्या आधी काठावर जाऊन एकदा पाण्याकडे बघून येतात. मी विचारलं, तर म्हणाले, पद्धत आहे.

गुडघ्याला तेल लावत जा. सूनबाईला आशीर्वाद, चिरंजिवांना सांग की वाऱ्यानं माणूस मरत नाही. हे सगळं तुला नुसतं कळावं म्हणून लिहिलं, बाकी काही मागणं नाही.

तुझी,
धाकटी

ता. क. मागणं आहे. सभा रविवारी अकराला आहे, तुझ्याकडून आठची बस निघते. येऊन तेवढा बिल्ला काठावर लाव. होडीत बसू नकोस, पाण्याकडे बघूही नकोस, हवं तर माझ्याशी बोलूही नकोस. पण दुसऱ्या कुणी तो उतरवलेला मला बघवणार नाही.

ता. क. आणखी एक. अक्षराचं सांगायचं राहिलं. माझी बोटं वळत नाहीत, दादा. तीन वर्षं झाली. गिऱ्हाइकं जातील म्हणून कुणाला सांगितलं नाही, तुलाही नाही. त्या दिवशी लाल बोयापाशी शिडाची दोरी माझ्या हातातून सुटली. धरवलीच नाही. आणि काठावर आल्यावर, सगळ्यांसमोर, मी म्हणाले की तू सुकाणू चुकीचं वळवलंस. तुझा अंदाज अजिबात चुकला नव्हता. तू बरोबर होतास. हे मी दोन वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं, पण तू माझं खरं मानून बसलास आणि मी तुला तसं मानू दिलं.

ता. क. पत्र पेटीत टाकायला जाताना वाटेत क्लबात डोकावले. तुझा बिल्ला त्या बाजूला एकटाच लटकत होता, म्हणून माझाही परत शेजारी टांगून आले. पोस्टमास्तरांनी बघितलं आणि नुसती नाडी घट्ट केली. आता दोघांचे आहेत. परत लावायचं काम तुझं.