सातव्या दिवशी मी का आले नाही

प्रिय रौधा,

तुझी बरणी पोचली. बाळंतिणीसाठी तीळ-मधाचं झ्रीर भरून मी पाठवली होती, रिकामी परत आली. अगं, आपल्या महदियात वैऱ्याचं भांडंसुद्धा कुणी रिकामं धाडत नाही, चार खारका तरी टाकतात! असो, राग पोचला. लेक झाली आणि सातव्या दिवशीच्या समारंभाला सख्खी आई फिरकली नाही, म्हटल्यावर राग यायचाच. स्फॅक्सला तुझ्या सासरी काय काय बोललं गेलं असेल, ते मला इथे बसून ऐकू येतं.

गुडघे धरलेत म्हणून येत नाही, असं कळवलं ते खोटं होतं. गुडघे ठणठणीत आहेत. काल मासळीबाजारात चालत गेले. एका माशावर हात टाकला, तर मासा भलतीकडेच! कोळी हसून म्हणतो, मन्नूबियामावशी, दोन दिसले तरी पैसे एकाचेच घेईन हो. मीही हसले. घरी येऊन मात्र रडले. थांब, चहा उतू गेला वाटतं.

आले. तू शाळेत असताना माझ्या डाव्या डोळ्यामागची गाठ काढली होती, आठवतं? दुर्मीळ आहे, दरवर्षी दाखवत जा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बरीच वर्षं गेलेही. मग ते डॉक्टर निवृत्त होऊन आपल्या जैतुनाच्या बागेत रमले, आणि मीही सोडून दिलं. वीस वर्षं उलटल्यावर माणूस दुखणंसुद्धा विसरतं गं.

या वसंतात तोच डोळा हळूहळू पुढे यायला लागला. शेजारच्या अल्जियाने निकाल देऊन टाकला, की मन्नूबिया, तुला कुणाची तरी दृष्ट लागलीय. मग काय, डोक्यावर चाळण धरली, पाण्यात वितळलेलं शिसं ओतलं. शिशाचा आकार डोळ्यासारखा निघाला, दृष्टीचा पुरावाच मिळाला म्हणून बायका खूश! मासा दृष्ट पळवतो म्हणून दारावर माशाचं शेपूट टांगलं, धूप जाळला. उन्हाळा त्यातच गेला. डोळा काही मागे गेला नाही.

नंतर एका लग्नात मेहंदीला गेले होते. मांडीवर तान्हं घेतलेली एक पोर माझ्याकडे बघते काय आणि झटकन बाळाच्या तोंडावर ओढणी ओढते काय! बघ की मजा, जिची दृष्ट काढायला शिसं ओतलं, तीच आता दृष्ट लावणारी ठरली. मी मेहंदी न लावताच उठले. दुसऱ्याच आठवड्यात तुला मुलगी झाल्याचा फोन आला. आता तूच सांग, असा डोळा घेऊन तुझ्या सासूबाईंच्या दारात कशी उभी राहणार होते? पोरीला साधी शिंक आली असती, तरी खापर माझ्यावर फुटलं असतं. आणि खरं सांगू? मलाच भीती वाटली. न जाणो, असेल माझ्या डोळ्यात काही, तर माझ्याच नातीला नको.

तुझे नूरीमामा शेवटी मला ओढतच मोनास्तीरच्या इस्पितळात घेऊन गेले. डॉक्टरीणबाई तुझ्याच वयाची. म्हणाली, आजी, दृष्टबिष्ट काही नाही, जुनीच गाठ परत आलीय. क्वचित कुणाला म्हातारपणी, इतक्या वर्षांनी येते ती अशी. दृष्ट नाही म्हटल्यावर मला इतकं हायसं वाटलं, की पुढचं नीट ऐकलंच नाही. मामांनी पुन्हा विचारलं. तेव्हा कळलं, की या वेळी गाठ डोळ्याला चिकटलीय, डोळाही जाणार.

बुधवारी ऑपरेशन आहे. घाबरले आहे, खोटं कशाला बोलू? त्याआधी, रविवारी ये. सासूबाईंना सगळं सांग, आणि तरी धाकधूक वाटली तर पोरीच्या अंगड्याला दृष्टीच्या हव्या तेवढ्या चांदीच्या मासळ्या टाचा म्हणावं, मी रागावणार नाही. तिला बघून आलेले मामा म्हणतात, पोरीचे डोळे थेट आजीवर गेलेत. माझे दोन्ही जागेवर आहेत तोवर मला ते बघायचे आहेत. तोंडावर ओढणी न घालता आण तिला.

तुझीच, वाटेकडे डोळे लावून बसलेली,
आई