दात भरायचा, तर रंग मी निवडणार

४ जून, सकाळ.
दात दुखत नाही. हे सगळ्यात आधी लिहा म्हटलं. दुखत नाही, फक्त गार पाणी, गरम चहा आणि वारा लागला की कळ येते.
लिहायला आमच्या ह्यांना बसवलंय. मला अक्षर येत नाही, आणि ह्यांना निवृत्त झाल्यापासून काम नाही. अट एकच: मी बोलेन तेवढंच लिहायचं, मधे आपलं काही घालायचं नाही. हे म्हणाले, लग्न झाल्यापासून तेच करतोय.

४ जून, दुपार.
दातांच्या डॉक्टरणीकडे जाऊन आले. पोरसवदाच आहे. म्हणाली, पुढच्या दाताला खाच पडलीय, आजी दाताने काय तोडता? म्हटलं, दोरा. दुसरं काय तोडणार, लचके? शिवणकाम करते मी. दर टाक्याला कात्री शोधत बसले तर वकीलसाहेबांचा कोट त्यांच्या नातवाच्या अंगावर चढेल.
खाच भरायचे दोन प्रकार म्हणे. एक सिमेंट. झटपट होतं, पण झिजतं. दुसरं पांढरं. ते दाताच्या रंगाशी जुळवतात आणि निळा उजेड पाडून कडक करतात. मी विचारलं, चांदी का नाही? तर ती दाढेला, पुढच्या दातावर टिकत नाही. मग सोनं? नुसती हसली. सोनं नकोच म्हणा, मी गेल्यावर घरात एका दातावरून भांडणं.
काहीही भरा, दोरा तोडायचा नाही ही अट मात्र दोन्हींत. विचार करून सांगते म्हटलं.
निश्चय: आजपासून कात्री.

५ जून.
कात्री सापडेना. सूनबाई म्हणाली, आई, तुमच्या मांडीवरच आहे. गडद कापडावर काळ्या मुठीची कात्री, दिसणार कशी? तोवर दोरा तोडून झाला होता. एकच. तोही बारीक.

८ जून.
सिमेंट की पांढरं? सिमेंट म्हणजे कच्चा टाका, कधी निसटेल नेम नाही. पांढरं म्हणजे रफू. आणि रफू खरा तोच, जो शोधूनही सापडत नाही. पण रफूला दोरा जुळवणारं माणूस लागतं. ते घरातच आहे, मी.
हे मत देऊ लागले. तोंडातली कवळी काढून वाटीत ठेवली आणि म्हणाले, त्यापेक्षा ही घे, धुवायलाही सोपी. दात गेले, पण पीळ गेला नाही.

११ जून.
वकीलसाहेब कोट घेऊन परत आले. काळ्या कोटाला निळ्या दोऱ्याने बटणं लावलीत म्हणे. न्यायाधीश साक्षीपुराव्याआधी बटणंच बघत बसले. मी म्हटलं, रीळवाले हल्ली काळा म्हणून काहीही देतात. सूनबाईने दुसरं रीळ काढलं आणि उभ्याउभ्या बटणं लावून दिली. चुणूक दाखवायची हौस. सकाळी उठून सुयासुद्धा ओवून ठेवते, टोचणीच्या उशीवर रांगेने. जसं काही मला ओवता येत नाही. येतं. सुयांची नेढीच हल्ली बारीक काढतात.

१५ जून.
मशीनजवळ नवा दिवा लागला. कोणी लावला सांगायला नको. वर म्हणते, आई, एकदा डोळे दाखवून येऊ. घ्या! कळ दाताला आणि औषध डोळ्याला.
मला कळतं सगळं. मशीनवर डोळा आहे तिचा. या घरात ज्याला रंग कळतो तो मशीनवर बसतो. माझ्या सासूबाईंनी एकदा पोपटी झग्याला गवती रंगाचा दोरा घातला. दुसऱ्या दिवसापासून मशीनवर मी आणि त्या उसवायला. मला अजून कोणी उठवलेलं नाही.
हे लिहिताना ह्यांचा हात थांबला. लिहा म्हटलं.

२० जून, दुपार.
पांढरं ठरलं. डॉक्टरणीने नमुन्याच्या दातांची पट्टी काढली, दुकानात रिळं मांडतात तशी, एकापुढे एक. तिने आपणच एक नमुना माझ्या ओठापाशी धरला. मी तिचा हात धरला. म्हटलं, थांब बाई. रंग मी निवडणार. जन्म गेला माझा रंग जुळवण्यात.
खिडकीशी नेऊन नीट पाहिलं आणि निवडला. डॉक्टरीण म्हणाली, आजी, हा फार पांढरा होतो. बरोबर आलेली सूनबाई म्हणाली, आई, अलीकडचा बघा ना जरा. दोघींना एका नजरेत गप्प केलं.
दुखलं नाही. मी घाबरलेही नाही. खुर्चीच्या हाताची शिवण उसवली, पण ती मुळातच कच्ची होती.

२० जून, संध्याकाळ.
आरशात पाहिलं. शोधून सापडत नाही! ह्यांना म्हटलं, सांगा कुठला दात भरलाय. ह्यांनी चष्मा न लावता, पलंगावर आडवे पडूनच बरोबर सांगितलं. आंधळ्याचा नेम लागतो कधीकधी.

२३ जून.
वकीलसाहेब दुसरा कोट टाकून गेले. बोलताना सारखे माझ्या दाताकडे बघत होते. माणसांना कौतुक करायचं जिवावर येतं.
कात्रीचा निश्चय टिकलाय. म्हणजे जेवणापर्यंत टिकला होता. कात्रीत खोट एकच, आधी दोरा शोधावा लागतो. दाताचं तसं नाही. ओठाला लागला की कळतो.

२४ जून.
कंटाळा आला. पाठ दुखते, मान दुखते, संध्याकाळी दिव्याभोवती धुकं धरतं. नवा दिवा, आणि असा मंद. आता वस्तूंत दमच राहिला नाही. माझ्यातही नाही, पण ते लिहू नका. लिहिलंत?

२७ जून.
वकीलसाहेबांचा काळा कोट मांडीवर होता. काज संपलं. दोरा जाड होता. कात्री शोधायला हात घातला, मिळेना, म्हणून फक्त एकदाच. टक.
जीभ लावली. खाच जशीच्या तशी.
तुकडा कोटावरच पडला होता, जमिनीवर पडल्याचा आवाज नाही झाला. उठले नाही, कोट झटकला नाही, उगाच हरवायचा. हात फिरवला. बाही चाचपली, खिसा उलटा केला, कॉलर पाहिली. जाणार कुठे? डॉक्टरणीला दाखवला तर तोच परत चिकटवेल म्हटलं. पुन्हा पहिल्यापासून हात फिरवला.
सूनबाई दारात उभी होती. कधीपासून, माहीत नाही. जवळ आली नाही. हळूच म्हणाली, आई, तुमच्या अंगठ्यापाशी आहे.
पांढरा तुकडा, काळा कोट. तिला दारातून दिसला.
आज एवढंच.

१ जुलै.
डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. नेलं म्हणजे मी जाणारच होते. समोरचं वाचा म्हणाले. मी म्हटलं, मला अक्षरं येत नाहीत, त्यात डोळ्यांचा काय दोष? वाटलं, सुटले. तर म्हणे न शिकलेल्यांसाठी वेगळा तक्ता असतो. त्यात फण्या काढलेल्या असतात, दात कुठल्या बाजूला ते बोटाने दाखवायचं. मी सगळ्यांना उजवी बाजू दाखवली, निम्म्या तरी बरोबर निघतील. डॉक्टर म्हणाले, आजी, तक्त्याचा दिवा अजून लावलेला नाही.
मोतीबिंदू. दोन्हीकडे. येताना रिक्षात ह्यांनी माझी पिशवी आपल्या मांडीवर घेतली. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

६ जुलै.
पुन्हा दातांची डॉक्टरीण. सिमेंट की पांढरं, पुन्हा विचारलं. पांढरंच म्हटलं. दोऱ्याबद्दल रागावली नाही. म्हणजे तिला कोणीतरी आधीच सांगितलं असणार.
पट्टी काढून माझ्यापुढे धरली. खिडकीशी नेली. सगळे दात दूध सांडल्यासारखे, एकात एक मिसळलेले. बराच वेळ धरली मी ती पट्टी. सूनबाई भिंतीवरचं चित्र बघत होती. त्यात बघण्यासारखं काही नसावं.
आजी, रंग कुठला, डॉक्टरणीने विचारलं.
पट्टी सूनबाईच्या हातात दिली. म्हटलं, हिला विचारा. आमच्याकडे मशीनवर ही बसते.