तळेखोलची वीस मिनिटं

६ जानेवारी २०२५, सोमवार

लाँच कंपनीतून फोन! निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली, आणि आज त्यांना माझी आठवण झाली. खुद्द हर्षद बोलला – थोरल्या शेटचा मुलगा, आता तोच मालक. “भाऊकाका, तुमचा जुना प्रोग्राम फोडतोय आम्ही. एक मुलगी पाठवतो घरी, तिला जरा आतलं समजावून सांगा. आणि सव्वीस तारखेला झेंडावंदन झालं की तुमचा सत्कार!”

फोडतोय म्हणाला. नारळ फोडावा तसं!

१९९४ साली लिहिलेला तो प्रोग्राम. सात लाँचा, तिकिटं, लाँच हाकणाऱ्या तांडेलांच्या पाळ्या, डिझेल, सुटण्याच्या वेळा – सगळं एकात. मशीनं चार वेळा बदलली, प्रोग्राम तोच. सकाळी त्यातून पत्रक निघायचं आणि त्या पत्रकावर खाडी चालायची.

अनुसूयाला सत्काराचं सांगितलं. वालाच्या शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, “शाल देतील. कपाटात तीन आहेत.”

७ जानेवारी

मुलगी आली. सुचिता. ऐरोलीची, तिशीची असेल. नागावला असतात तसले होम-स्टे आता आमच्या गावातही झालेत, त्यातल्या एकात उतरलीय. पडवीतल्या बाकावर लॅपटॉप मांडला, पाय वर घेऊन बसली. अनुसूयाने चहा दिला तर म्हणाली, “काकू, गवती चहा? क्या बात है!” अनुसूया हसली. माझ्या मित्रांसमोर ती हसत नाही.

मी विचारलं, फोडता म्हणजे नक्की काय करता?

“काका, तुमच्या प्रोग्राममध्ये सगळी कामं एका खोलीत राहतात. तिकिटाला हात लावला की डिझेल हलतं. आम्ही प्रत्येक कामाला वेगळी खोली देतो. मायक्रोसर्व्हिस. तिकिटांची वेगळी, वेळापत्रकाची वेगळी. कोणी कोणाच्या खोलीत शिरायचं नाही. काही हवं असेल तर खिडकीवर यायचं, ठरलेल्या शब्दांत मागायचं. ती खिडकी म्हणजे एपीआय.”

“आणि खिडकीवर गर्दी झाली तर?”

“पुढे दरवान असतो. गेटवे. तू कोण, ओळखपत्र दाखव, तासाला इतक्याच वेळा विचार. बाहेरच्या तिकिटांच्या अ‍ॅपनाही याच खिडकीवर यावं लागणार.”

मला एकदम वाटलं – अहो, ही तर भावाभावांची वाटणी! आमच्या वाडीची झाली तशी. तोवर एक चूल होती. आजोबांच्या भाकरीला मीठ कमी, काकूला शनिवारचा उपास – कोणी सांगायचं नाही, सगळ्यांना ठाऊक. चुली वेगळ्या झाल्या आणि कुंपणावरून मागायची वेळ आली – अगं, चिंच आहे का? जे मागितलं ते मिळालं. पण जे कोणी कधी बोललंच नव्हतं, ते कुठल्याच वाटणीत आलं नाही. पहिल्याच महिन्यात आजोबांच्या ताटात खारट भाकरी पडली.

हे सुचिताला सांगितलं.  ती म्हणाली, “काका, आमच्याकडे हेच होतं. दर वेळी.”

९ जानेवारी, गुरुवार

आज फार मजा आली. आणि मग नाही आली.

सुचिताला प्रोग्राममध्ये तिथीला तीनने गुणून चारने भागलेलं सापडलं. “हे काय आहे?” मी म्हटलं, पाऊणकी! आणि उभा राहून चालीवर सुरू केलं – एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन… तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, द्वादशीला नऊ. कोळ्यांचा हिशेब, मी फक्त यंत्राला पाठ करायला लावला. तिने मोबाईलवर माझं पाढे म्हणणं टिपून घेतलं! तिसऱ्या इयत्तेत गेलो मी. आमचे गुरुजी कवितेचा अर्थ आधी कधीच सांगायचे नाहीत. “पाठ करा रे. अर्थ मागाहून येतो. कोणाला उद्या येईल, कोणाला चाळीस वर्षांनी.”

तेवढ्यात ती म्हणाली, “आणि ही खालची ओळ? तळेखोलहून शेवटची फेरी, साडेपाच अधिक वीस मिनिटं. ही पण भरतीसाठीच ना? वर ‘भरती’ असं लिहिलंय तुम्ही.”

“हो,” म्हटलं.

खोटं बोललो.

१० जानेवारी

लिहूनच टाकतो. हे पान कोण वाचणार आहे!

१९९४चा ऑगस्ट. अनुसूया तळेखोलच्या शाळेत शिकवायची. खाडीपलीकडे, लाँचने पंचवीस मिनिटं. रस्त्याने म्हसळ्यावरून वळसा घालून यायचं तर दोन तास, तेही गाडी मिळाली तर. एका संध्याकाळी तिची लाँच चुकली. घरी आली तेव्हा नऊ वाजून गेले होते, पायात एकच चप्पल. आई ओट्यावर बसून होती, नको ते बोलली. अनुसूया सरळ आत गेली. मी काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन मी ती ओळ घातली. साडेपाचची पावणेसहाच्याही पुढे नेली. ओळ शाळेच्या सुट्ट्यांच्या यादीला बांधली, म्हणजे सुट्टीत विनाकारण खोळंबा नको. वर ‘भरती’ असं शीर्षक दिलं, थोरल्या शेटनी विचारलंच तर असू दे म्हणून. कोणी विचारलं नाही.

तिलाही सांगितलं नाही. काय सांगायचं? लोक बायकोला गजरा आणतात. मला ते कधी जमलं नाही. मी लाँच थांबवली.

१४ जानेवारी, संक्रांत

सुचिता तिळगूळ घ्यायला आली आणि बातमी देऊन गेली. भरती-ओहोटीची वेळ आता बाहेरून, बंदरांच्या आकड्यांवरून येणार. वेगळी खोली, वेगळी खिडकी. “तुमचे भरतीचे दोन्ही नियम काढले, काका. पाऊणकी रिटायर्ड!”

दोन्ही. म्हणजे तीही ओळ.

बोलणार होतो. तिळाचा लाडू दाताखाली अडकला, तेवढं निमित्त पुरलं. मग मनाशी म्हटलं – अनुसूया २०१२लाच निवृत्त झाली. आता ती ओळ कोणासाठी? जाऊ दे.

आणि खरं सांगायचं तर सत्कार डोळ्यासमोर होता. प्रोग्रामात घरचं काम घुसडणारा माणूस व्यासपीठावर शोभत नाही.

२० जानेवारी, सोमवार

आज नवी व्यवस्था पाण्यात उतरली. सुचिताचा मेसेज – ‘सगळं स्मूथ, काका!’

२१ जानेवारी

सकाळीच कोकिळा आली. वरच्या आळीतली, तळेखोलच्या उपकेंद्रात नर्स. उपकेंद्र साडेपाचला बंद होतं, तिथून धक्का दहा मिनिटं चालत. काल ती धक्क्यावर पोचली तेव्हा लाँच खाडीच्या मध्यावर होती!

“भाऊकाका, अकरा वर्षं मी त्या लाँचने येते. कधी चुकली नाही. काल रिक्षा, मग म्हसळ्यापर्यंत टेम्पो, मग एसटी. आठ वाजले. मामंजींचं सातचं इन्सुलिन. त्यांना स्वतःला टोचून घेता येत नाही. शेजारच्यांना धीर होईना सुई टोचायचा.”

मी विचारलं, लाँच रोज पावणेसहाच्या पुढे का सुटायची, ठाऊक आहे का?

“देवीचा दिवा लागल्याशिवाय तळेखोलची शेवटची लाँच सुटत नाही, असं म्हणतात ना! सगळं तळेखोल म्हणतं. फक्त मे महिन्यात आणि दिवाळीत देवीला घाई असते. तेव्हा मी पाच मिनिटं आधी निघते आणि पळत सुटते.”

दुपारी धक्क्यावर जाऊन तांडेलाला गाठलं. काळूराम. त्याचा बापही आमच्याकडेच तांडेल होता. “मी काय करू, भाऊ? मशीन बोलतंय सुट. तिकीट बंद, फाटक बंद. न्हाय सुटलो तर वरून फोन हाय! कोकिळाबाय दिसत व्हती लांबून. हात करत व्हती. मी बघतच ऱ्हायलो.”

मीही बघतच राहिलो होतो. चौदा तारखेपासून.

२२ जानेवारी, बुधवार

तिला बोलवायला जाणार होतो, तर सुचिताच दारात. चेहरा उतरलेला. बाकावर बसलीसुद्धा नाही.

“काका, मला एक सांगा. भरतीला मे महिन्याची सुट्टी असते का?”

सुट्ट्यांची यादी सापडली होती तिला.

“रविवारी नाही, गणपतीत नाही, दिवाळीत एकवीस दिवस नाही. ही कसली भरती? दोन दिवसांत शेवटच्या फेरीला अकरा जण मागे राहिलेत, काका. तुम्ही हो म्हणालात म्हणून मी काढला तो नियम. माझ्या सहीने.”

सगळं सांगितलं. तिच्याकडे न बघता, समोरच्या पोफळींकडे बघत सांगितलं. मला वाटलं चिडेल. ती हळूच बाकावर टेकली आणि म्हणाली, “नव्या पद्धतीत प्रत्येक नियमाला मालक लागतो. नाव लिहावं लागतं, कारण लिहावं लागतं. उद्या अकराला मीटिंग आहे. मी मांडू, की तुम्ही?”

“तुझ्या सहीने गेलं ना? मग माझ्या तोंडाने परत येऊ दे.”

स्वयंपाकघरात कढईत झारा वाजत होता. मध्येच थांबला, असं वाटलं. कदाचित भास असेल.

२३ जानेवारी

मीटिंग पडवीतच झाली, सुचिताच्या लॅपटॉपवर. चौकटींत सहा चेहरे, मधल्या चौकटीत हर्षद. शाळेत कविता म्हणायला उभं करायचे तसा उभा राहिलो. आणि म्हटली! एकही कडवं न गाळता. ऑगस्टपासून कोकिळापर्यंत.

 हर्षद म्हणाला, “म्हणजे तीस वर्षं माझ्या बाबांची लाँच तुमच्या घरच्या घड्याळावर चालली!”

“हो.”

“उद्या प्रत्येकाने आपापल्या बायकोसाठी एकेक ओळ घातली तर?”

 बरोबरच आहे त्याचं.

सुचिता मध्ये पडली. “सर, नियम चुकीच्या कारणासाठी आला असेल. पण आज अकरा माणसं त्याच्यावर घरी येतात. कोकिळाताईंनी सगळ्यांच्या सह्या दिल्यात. आपण कारण बदलून लिहू या.”

शेवटी ठरलं. तळेखोलहून शेवटची फेरी पाच पन्नास. बारा महिने, रविवारीसुद्धा. वेळापत्रकाच्या खोलीत तिची उघड नोंद. मालकाच्या रकान्यात तळेखोलचे प्रवासी, कारणाच्या रकान्यात उपकेंद्राची वेळ. सुचिताने माझ्यासमोर टाइप केलं. माझं नाव कुठे नाही. असू नयेच.

जाता जाता हर्षद म्हणाला, “सत्काराचं नंतर बघू, काका.”

बघेल हो. कपाटात तीन आहेत.

२४ जानेवारी

अनुसूया बोलत नाही. काल दार सताड उघडं होतं, सगळं ऐकलंय तिने. रागावली असेल. तिचं नाव सहा चौकटींत घेतलं मी, तिला न विचारता.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदनाला मागे उभा राहिलो. कोकिळा मामंजींना घेऊन आली होती. म्हाताऱ्याने माझा हात धरला आणि सोडेचना. सुचिता आज ऐरोलीला परत गेली. अनुसूयाने तिला वालाच्या शेंगांची पिशवी दिली. मला आज दोनच शब्द – “जेवण वाढलंय.”

२७ जानेवारी, सोमवार

संध्याकाळी चार वाजता अनुसूया ठेवणीतलं पातळ नेसून बाहेर आली. म्हणाली, “एक मेला निकाल लावून यायचे, तेव्हा लाँच साडेपाचच्या ठोक्याला सुटायची. एरवी पाच पन्नासला. कळलं नसेल का मला, कोणाचं काम ते?”

“मग बोलली का नाहीस कधी?”

“शाळा पाचलाच सुटायची. सव्वापाचला मी धक्क्यावर. त्या दिवशी चुकली ती एका मुलीच्या घरी गेले होते म्हणून. तुम्ही विचारलंच नाही. त्या धक्क्यावर माझ्याकडे कोणी काही मागत नव्हतं – शाळा नाही, तुमची आई नाही, तुम्ही नाही. अठरा वर्षं रोज ती वीस मिनिटं माझी होती. बोलले असते, तर तुम्ही चूक समजून लाँच पुन्हा साडेपाचला सोडली असतीत.”

चपला घातल्या. साडेचारच्या लाँचने तळेखोलला निघाली होती.

“मी येऊ?”

“नको,” म्हणाली. फाटकापाशी थांबली. “सव्वासहाला धक्क्यावर या. उतरून घ्यायला.”